पुढच्या नावांसाठी

सकाळची कामं नुकती सुरू झाली होती. लोहार आपल्या वर्कशॉपात एका फाटकाचं बिजागर घासत बसला होता, तोच चौकातून घणाचे ठोके ऐकू आले. नळाच्या पाइपासाठी पुन्हा रस्ता खणायला घेतलेला दिसतोय, असं म्हणून त्यानं दुर्लक्ष केलं. पण ठोके काही कामगाराचे वाटेनात. कामगाराच्या हाताला ताल असतो. इथे एक ठोका पडे, मग बराच वेळ काहीच नाही, मग एकदम दोन. अंगात ताकद नसलेलं कुणीतरी जिवाच्या आकांतानं मारत होतं. लोहाराची नजर कोपऱ्यात गेली. त्याचा मोठा घण जागेवर नव्हता.

तो तसाच, चामड्याचा एप्रन अंगावर असतानाच, बाहेर धावला.

चौकात माणसं गोळा झाली होती, पण लांब लांब उभी होती. भाजीचा ट्रक मध्येच थांबला होता आणि ड्रायव्हर दार उघडून एक पाय बाहेर ठेवून तसाच राहिला होता. कुणी ओरडत नव्हतं, कुणी पुढे जात नव्हतं. आणि मधोमध, स्मारकापाशी, लोहाराची आई होती.

भरलेली बादली उचलताना कण्हणारी बाई ती. पंच्याहत्तरी उलटलेली, पाठीत वाकलेली. तिनं घणाचा दांडा दोन्ही हातांनी धरला होता. डोक्यावर उचलणं जमत नव्हतं म्हणून ती तो कमरेएवढा मागे नेई आणि सगळ्या अंगानिशी पुढे फेकी. खाली बसवलेल्या नव्या काळ्या पाटीचा चुरा झाला होता. तिच्यावरचा जुना करडा खांब मधून तडकला होता. लोहार बघत असतानाच पुढचा ठोका पडला आणि खांबाचा वरचा भाग हळूच कलला, जरा थांबला, आणि फरशीवर पडून फुटला.

त्या खांबावर अकरा नावं होती. सीमेवरच्या लढाईत गावची अकरा पोरं गेली, त्यांची. वरून तिसरं नाव लोहाराच्या मोठ्या भावाचं. गेली सोळा वर्षं ही म्हातारी दर आठवड्याला बादली आणि ब्रश घेऊन यायची आणि तो दगड घासून काढायची, सगळी अकरा नावं, अक्षराच्या खोबणीत बोट घालून. 'आजीच्या घरच्या भांड्यांपेक्षा आमचं स्मारक चकचकीत,' असं गावात गमतीनं म्हणत. तीच म्हातारी आता पडलेल्या तुकड्यांवर घण घालत होती.

आपण पुढे जाऊन तिला धरायला हवं हे लोहाराला कळत होतं, पण तो जागचा हलला नाही. समोरच्या बेकरीतून बेकरीवाली बाहेर आली. हात कोपरापर्यंत पिठानं माखलेले. तिचा एकुलता एक मुलगा त्या खांबावर सातवा होता. तिनं दगडाकडे पाहिलं, म्हातारीकडे पाहिलं, आणि आधार काढून घेतल्यासारखी ती बेकरीच्या पायरीवर मटकन खाली बसली.

ते पाहून लोहार भानावर आला. त्यानं धावत जाऊन घणाचा दांडा पकडला.

"आई! सोड!"

"सोडते," म्हातारी म्हणाली. बाजारातून आल्यावर पिशवी हातात द्यावी तसा तिनं दांडा त्याच्या हातात दिला. "झालं माझं. घरी चल. चहा टाकते."

ती ओरडली असती, रडली असती, तर लोहाराला काहीतरी सुचलं असतं.

घरी आल्यावर तिनं खरंच चहा टाकला. कप देताना मात्र अर्धा चहा बशीत सांडला. लोहार नुसता तिच्या तोंडाकडे बघत राहिला. "का?" एवढा एकच शब्द त्याच्या ओठांवर येई आणि परत जाई.

तेवढ्यात दार धाडकन उघडून बटण आत आली.

बटण म्हणजे त्याच्या भावाची मुलगी. जन्मली तेव्हा एवढीशी होती म्हणून बापानंच ते नाव ठेवलं होतं. बाप गेला तेव्हा ती चार वर्षांची. पुढे वहिनीनं दुसरा संसार मांडला, त्याबद्दल कुणी तिला बोल लावला नाही. पोरीला मात्र आजीनं ठेवून घेतलं. लोहाराचं लग्न लोखंडाशीच झालेलं, त्यामुळे घरात माणसं तीनच. आता बटण काकाच्या उंचीची झाली होती.

ती चौकातूनच आली होती. चप्पलसुद्धा काढली नाही तिनं.

"तू माझ्या बाबाला फोडलंस, आजी," ती म्हणाली.

म्हातारीनं मान वर केली नाही.

"मला आठवतं तेवढा बाबा तोच होता. बाकी काही आठवत नाही मला. शाळेत जाताना मी त्याच्या नावाला हात लावून जायची. तू फोडलंस त्याला."

"बटण, जरा ऐक..." लोहार म्हणाला.

"तू गप्प बस, काका. घण तुझा होता."

ती आत गेली. कपाट उघडल्याचा आवाज आला. सैन्याच्या ट्रेनिंगला तिला पुढच्या आठवड्यात जायचं होतं, पण तिनं त्याच दिवशी बॅग भरली आणि मैत्रिणीकडे राहायला गेली. जाताना आजीच्या पाया पडली नाही की तिच्याकडे पाहिलं नाही. म्हातारी दारात उभी राहिली आणि पोर कोपऱ्यावर वळून दिसेनाशी झाल्यावरही उभीच राहिली.

संध्याकाळी लोहारानं शेवटी विचारलंच. "का केलंस, आई?"

"ती पाटी तू बसवलीस ना?" म्हातारीनं उलट विचारलं.

"कुठली?"

"काळी. खालची."

हो, त्याचीच चौकट होती. स्मारकाचं नूतनीकरण म्हणून गावच्या स्मारक समितीनं काळ्या ग्रॅनाइटची पाटी मागवली होती. लोहारानं मापं घेऊन चौकट केली, पाथरवटानं पाटी बसवली. पाटी नुसती गुळगुळीत होती. तिच्यावर एक अक्षर नव्हतं. लोहाराला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. त्याला दिसला होता तो फक्त काटकोन.

आदल्या दिवशी चौकात कार्यक्रम झाला होता. स्मारकासमोर टेबल मांडून सैन्यभरतीचा अधिकारी बसला होता. बटणनं सगळ्यांत आधी सही केली आणि टाळ्या पडल्या. समितीच्या अध्यक्षांनी लांबलचक भाषण ठोकलं, शहीद बापाची शूर लेक वगैरे, आणि पाटीवरचं कापड काढलं.

"मी पाथरवटाला विचारलं," म्हातारी म्हणाली, "म्हटलं, ही कोरी का रे ठेवली? तो म्हणाला, पुढच्या नावांसाठी, आजी. जागा लागणारच की कधीतरी."

लोहारानं तिच्याकडे पाहिलं.

"त्याचं काही चुकलं नाही. साधा माणूस आहे, विचारलं ते सांगितलं. पण तेव्हाच फोटोवाल्यानं पोरीला तिथं उभं केलं. पाटी आरशासारखी चकचकीत. मी बाजूनं बघत होते. पोरीचं तोंड त्या पाटीत दिसत होतं रे. जिथं नाव कोरतात ना, बरोब्बर तिथं. हसत होती."



"मला पाटीच फोडायची होती," म्हातारी म्हणाली. "ती तर दोन ठोक्यांत गेली. मग हात थांबेना. वाटलं, हा खांब आहे म्हणून खाली पाटी आली. हा नसता तर तिला कुठून कळलं असतं असं मरायचं असतं म्हणून? सोळा वर्षं मीच तो घासून चमकवला. तिला कडेवर घेऊन घासला."

ती रडली नाही. तिनं कप उचलले आणि धुवायला गेली. लोहार मात्र भिंतीला टेकून तसाच बसून राहिला. सोळा वर्षं एका छपराखाली राहून आपल्या आईच्या पोटात काय साठलं होतं याचा त्याला पत्ता नव्हता.

गाव पेटलं. पेटणारच. कुणी घराच्या दारावर चिखल फेकला. वर्कशॉपात दिलेली कामं लोक न बोलता परत घेऊन गेले. म्हातारी दुकानात गेली की बोलणं बंद व्हायचं. खांबावर नाव असलेल्या बाकीच्या घरांतल्या आयाबाया, ज्यांच्यात ती इतकी वर्षं उठली-बसली, त्या तिला पाहून रस्ता बदलू लागल्या.

चौथ्या दिवशी अध्यक्ष आले. बरोबर दोन पोलीस होते, पण त्यांना त्यांनी बाहेरच उभं केलं.

"हे बघा," ते लोहाराला हळू आवाजात म्हणाले, "आईच्या डोक्यावर परिणाम झालाय असं डॉक्टरकडून लिहून घ्या. वय झालंय, पोराचं दुःख आहे, लोक समजून घेतील. प्रकरण इथंच मिटवू."

लोहार हो म्हणणार होता. हो म्हणायला त्यानं तोंड उघडलंही होतं.

"मी वेडी नाही," आतून आवाज आला. म्हातारी पदराला हात पुसत बाहेर आली. "शुद्धीवर होते. पकडायचं असेल तर पकडा. वेडी म्हणायचं नाही."

"आजी, मी तुमच्या भल्यासाठी..."

अध्यक्षांचं वाक्य अर्धवट राहिलं. दारात बेकरीवाली उभी होती.

तिला पाहून सगळे आपोआप बाजूला झाले. ती त्या दिवसापासून कुणाशी बोलली नव्हती, बेकरीही बंद होती. ती सरळ आत आली, म्हातारीसमोर उभी राहिली आणि तिनं म्हातारीच्या थोबाडीत मारली.

आवाज असा झाला की बाहेरचे पोलीस आत डोकावले. लोहार उठून मध्ये पडायला गेला. म्हातारीनं हातानंच त्याला थांबवलं. तिच्या गालावर बोटं उमटली होती.

"तुझ्या पोराचं नाव तुझं होतं," बेकरीवाली म्हणाली. "ते फोड, जाळ, गिळून टाक. माझ्याचं कुणाला विचारून फोडलंस?"

बेकरीवाली आणखी एक पाऊल पुढे आली.

"तुझा घरी आला. पेटीत का होईना, आला. तू त्याला शेवटचं पाहिलंस, माती दिलीस. माझं काय आलं? काही नाही. एक बूटसुद्धा नाही. तो दगड एवढंच माझ्याकडे होतं. रोज सकाळी भट्टी पेटवायच्या आधी मी त्याच्याशी बोलायची. आता कुणाशी बोलू? बोल ना. कुणाशी बोलू मी?"

लोहारानं आईला इतक्या वर्षांत कधी असं पाहिलं नव्हतं. घण मारताना जी हलली नव्हती ती आता पानासारखी कापत होती. भिंतीचा आधार घेत ती खाली बसली.

"माझ्या ध्यानातच आलं नाही," ती म्हणाली. "अगं, मी दर आठवड्याला तुझ्या पोराचं नाव धुतलं. आणि मारताना माझ्या ध्यानातच आलं नाही."

आणि मग ती रडली. सोळा वर्षांचं एकदम. बेकरीवाली तिच्याकडे बघत उभी राहिली. नंतर तीही शेजारी जमिनीवर बसली, पण तिला हात लावला नाही. थोड्या वेळानं म्हणाली, "पाणी दे. घसा सुकलाय माझा." लोहारानं पाण्याचा तांब्या आणला. अध्यक्षांनी पोलिसांना खूण केली आणि तिघं न बोलता निघून गेले. तक्रार काही नोंदली गेली नाही.

"तुकडे कुठं आहेत?" पाणी पिऊन म्हातारीनं विचारलं.

तुकडे समितीनं ट्रॅक्टरमध्ये भरून जुन्या खाणीत टाकले होते. गावाचा सगळा राडारोडा तिथंच जायचा. आता आठ फुटी नवीन स्मारक येणार होतं, वर लोखंडी बंदूक, आणि ती बंदूक करायचं काम दुसऱ्या गावच्या लोहाराला दिलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी लोहार, म्हातारी आणि बेकरीवाली अशी तिघं खाणीत उतरली. फुटक्या फरशा, गंजके पत्रे, तुटके कमोड, त्यात करडा दगड शोधायचा. म्हातारी कडेला बसून राहील असं लोहाराला वाटलं होतं. ती गुडघ्यांवर रांगत फिरली. करडा तुकडा दिसला की पदरानं पुसायची आणि त्यावर बोट फिरवायची. न बघता सांगायची, "हा पोस्टमनच्या भावाचा." ती नावं तिच्या बोटांना पाठ होती. बेकरीवाली पहिले दोन दिवस तिच्याशी बोलली नाही. तुकडा मिळाला की लोहाराकडे द्यायची. तिसऱ्या दिवशी म्हातारीचा पाय घसरला आणि बेकरीवालीनं तिचा दंड पकडला. "मरू नको इथं," ती म्हणाली, "आधी माझा पोरगा शोधून दे."

हळूहळू गावात कळलं. पोस्टमन आला, मग त्याची बायको, मग आणखी काही जण. रागावलेलेच होते, पण हात लावत होते. लोहाराच्या भावाचं नाव अखंड मिळालं, एकाच तुकड्यात, नुसता कोपरा उडालेला. बेकरीवालीच्या मुलाच्या नावाचं पहिलं अक्षर सापडलं नाही. त्याचा चुरा झाला होता. म्हातारी त्या दिवशी अंधारून येईपर्यंत माती चाळत बसली आणि बेकरीवालीनं तिला ओढून वर आणलं.

जोडायचं काम लोहारानं आणि पाथरवटानं केलं. लोहारानं लोखंडाच्या जाड कड्या केल्या, पाथरवटानं दगडात भोकं पाडली, कड्या आत बसवून शिसं ओतलं. कड्या लपवायचा प्रयत्न केला नाही, लपण्यासारख्या नव्हत्याच. अक्षर गेलेला भाग कापडानं झाकल्यासारखा पांढरा दिसत होता.

"तसंच ठेवू का?" पाथरवटानं बेकरीवालीला विचारलं. "बघणाऱ्याला कळेल काय झालं होतं ते. बरं दिसेल."

"बरं दिसेल?" बेकरीवाली कडाडली. "अर्धं नाव? माझा पोरगा अर्धा नव्हता. कोर ते अक्षर."

त्यानं नवीन दगडाचा तुकडा बसवून अक्षर कोरलं.

अध्यक्ष येऊन खांब बघून गेले. आठ फुटी योजनेबद्दल त्यांनी पुन्हा तोंड उघडलं नाही, कारण अकराच्या अकरा घरांतली माणसं तिथं उभी होती. फक्त जाता जाता म्हणाले, "ठीक आहे, जुनाच लावा. पण खाली ती पाटी लागेल. नियमात आहे."

म्हातारीनं मान खाली घातली. काही म्हणायचा आपला हक्क संपला, असं तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. लोहार बोलायला गेला, पण त्याच्याआधी बेकरीवाली पुढे झाली.

"तिथं कोरी पाटी लागली ना," ती म्हणाली, "तर या खेपेला घण मी आणेन. आणि माझे हात तिच्याहून दणकट आहेत. रोज मैदा मळते."

कुणीतरी फिस्सकन हसलं. त्या चौकात कितीतरी दिवसांनी कुणी हसलं होतं. अध्यक्षांनी खाकरून घसा साफ केला आणि पाटीचा विषय संपला.

खांबाचा खालचा भाग पार भुगा झाला होता, म्हणून पाथरवटानं उरलेला खांब सरळ जमिनीत गाडला आणि भोवती फरशी बसवली. त्यामुळे स्मारक ठेंगणं झालं. शेवटचं नाव वाचायला आता वाकावं लागतं आणि त्या नावाच्या खाली लगेच जमीन आहे. आणखी एक ओळ कोरायची म्हटली तरी जागा नाही.

बटण सात महिन्यांनी रजेवर आली. येणार असं तिनं काकाला फोनवर सांगितलं होतं, आजीला नाही. बसमधून उतरली तेव्हा लोहारानं तिला पटकन ओळखलं नाही. केस कापलेले, खांदे रुंद झालेले. घराकडे न जाता ती आधी चौकात गेली. खांबासमोर गुडघ्यावर बसली, बापाच्या नावावरून हात फिरवला, मग लोखंडी कडीवर बोट ठेवलं.

"हे तू केलंस?"

"हो."

"आणि आजी?"

"आजीनं शोधून काढलं. खाणीतून. गुडघे सोलवटून घेतले."

बटणनं कडीवरचं बोट काढलं. "मला पत्रात लिहिलं नाहीस," ती म्हणाली.

"तुझा राग उतरला नव्हता."

"अजून उतरला नाही." ती उठली, गुडघे झटकले. "पण चल."

म्हातारी ओट्याशी होती. दारात पोरीला पाहून तिच्या हातातला डाव खाली पडला. गणवेशाकडे पाहताना म्हातारीच्या चेहऱ्यावर घण घातला त्या सकाळचंच काहीतरी क्षणभर येऊन गेलं.

"मी परत जाणार आहे, आजी," बटण म्हणाली. "आधीच सांगते. तू काहीही फोडलंस तरी जाणार."

"माहीत आहे."

"आणि परत येईन असं वचन मला देता येणार नाही."

"नको देऊस," म्हातारी म्हणाली. "तुझ्या बापानं दिलं होतं." मग तिनं डोळे पुसले आणि पोरीला आपादमस्तक न्याहाळलं. "काय गं, तिथं काय उपाशी ठेवतात का? हाडं दिसताहेत. बस. आधी जेव. नंतर माझ्यावर हवं तेवढं रागाव."

बटण बसली. बूट सोडायला वाकली, आणि वाकलेलीच राहिली. तिची पाठ हलत होती. म्हातारी तिच्यापाशी गेली, खाली बसली आणि तिच्या बुटाची नाडी सोडवू लागली. गाठ घट्ट होती. म्हातारीच्या बोटांना ती सुटेना, पण तिनं लोहाराला जवळ येऊ दिलं नाही.